अंगणातील तणांची भाजी: ओळखावी कशी, खुडावी केव्हा, शिजवावी कशी

मृगाचा पहिला मोठा पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की आमच्या घरामागील दीड गुंठ्यात खुरपणी सुरू होते आणि त्याच आठवड्यापासून बाजारातील पालेभाजी निम्म्यावर येते. वांग्या-मिरच्यांच्या वाफ्यातून उपटून आपण जे कोपऱ्यात फेकतो, त्यात टाकळा, कुर्डू, काटेमाठ, घोळ, केना आणि आंबुशी यांचाच भरणा असतो, आणि या सगळ्या पिढ्यानपिढ्या खाल्ल्या गेलेल्या भाज्या आहेत. अलीकडे कृषी विभागाच्या रानभाजी महोत्सवांमुळे शहरातील लोकही त्यांची नावे घेऊ लागले आहेत. परंतु महोत्सवात जुडी विकत घेणे आणि स्वतःच्या अंगणातून ती खुडणे यांत मोठा फरक आहे. जुडी खुडणाऱ्या बाईने ती वनस्पती लहानपणापासून पाहिलेली असते. आपण पाहिलेली नसते.

म्हणून या लेखातील पहिली सूचना अशी की, ज्या वनस्पतीची ओळख नवी आहे ती पहिल्या वर्षी खाऊ नये, केवळ पाहावी. तिचे एक रोप खुरपणीत राखून शेजारी काठी रोवावी आणि त्याला फूल येईपर्यंत, फळ धरेपर्यंत, बी पडेपर्यंत थांबावे. कोवळ्या पानांवरून अनेक झाडे एकसारखी दिसतात. फुले आणि शेंगा मात्र सहसा फसवत नाहीत. भाजी खुडायची वेळ नेमकी फुलण्यापूर्वीची असल्यामुळे ज्याने फूल पाहिलेले नाही त्याला कोवळे रोप खात्रीने ओळखता येणे कठीण असते. मोबाइलवरील ओळख सांगणारी ॲप अंदाजासाठी ठीक आहेत, पण पातेले चुलीवर चढवण्याइतका भरवसा त्यांच्यावर ठेवू नये.

नावांवरही फार विसंबू नये. एकाच वनस्पतीला चार तालुक्यांत चार नावे असतात आणि एकच नाव दोन वस्तूंना असते. कोकणात ‘आंबोशी’ म्हटले की डोळ्यांपुढे कैरीच्या वाळवलेल्या फोडी येतात, आणि ‘आंबुशी’ ही तीन हृदयाकृती पानांची, पिवळ्या फुलांची जमिनीलगतची आंबट भाजी असते. फोडशीला कोणी कुलू म्हणते, कोणी कुली. शेजारणीने फोनवरून नाव सांगितले एवढ्यावर काही खुडू नये. तिला अंगणात बोलवावे आणि रोपावर बोट ठेवून दाखवायला सांगावे.

टाकळा आणि त्याचा भाऊबंद

टाकळ्यावर मी थोडी अधिक जागा खर्च करणार आहे, कारण पावसाळ्यात सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त उगवतो तो हाच. विहिरीच्या कठड्यालगत, कुंपणाच्या बुडाशी, वाळूच्या ढिगावरसुद्धा त्याची रोपे शेकड्यांनी येतात. प्रथम दोन गोलसर बीजदले दिसतात. ती मोजायची नाहीत. त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक संयुक्त पानात पर्णिकांच्या तीन जोड्या, म्हणजे सहा पर्णिका असतात. त्या देठाकडे निमुळत्या आणि टोकाकडे रुंद, गोल असतात. भुईमुगाचे पान पुष्कळसे असेच दिसते, परंतु त्यात दोनच जोड्या असतात. संध्याकाळ झाली की टाकळ्याच्या पर्णिका मिटतात, आणि पान चुरगळले तर एक उग्र, काहीसा नकोसा वास येतो. तो शिजल्यावर बराच कमी होतो.

याच जागी कासविंदाही उगवतो. काही भागांत त्याला रानटाकळा म्हणतात, आणि घोटाळा तेथूनच सुरू होतो. कासविंदाच्या पानात पर्णिकांच्या साधारणतः चार ते सहा जोड्या असतात आणि प्रत्येक पर्णिका टोकदार असते. याहून पक्की खूण पाहायची असेल तर पान उजेडात धरावे. टाकळ्याच्या पानात खालच्या जोड्यांच्या बेचक्यात, मधल्या दांड्यावर काडीसारखी बारीक ग्रंथी उभी असते, तर कासविंदात ती ग्रंथी पानाच्या देठाच्या अगदी बुडाशी, फुगीर गाठीसारखी असते. एकदा दोन्ही पाने तळहातावर शेजारी-शेजारी ठेवून पाहिली की पुन्हा विसर पडत नाही. हा फरक नीट शिकून घ्यावा असे मी आग्रहाने सांगते, कारण पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलांमध्ये वर्षानुवर्षे दिसणाऱ्या एका जीवघेण्या आजाराचे मूळ शोधताना डॉक्टर कासविंदाच्या शेंगा-बियांपर्यंत पोहोचले होते. अंगणात मुले खेळत असतील तर कासविंदा शेंग धरण्यापूर्वीच उपटून टाकावा.

टाकळा बोटभर उंचीपासून वीतभर उंचीपर्यंतच खुडावा. पिवळी फुले आली की पाने राठ होतात आणि वास वाढतो. शेंडा व वरची पाने नखाने खुडून, तीन पाण्यांत धुऊन, बारीक चिरावीत. आमच्याकडे तेलावर मोहरी, हिंग, भरपूर ठेचलेला लसूण आणि कांदा परतून त्यात भिजवलेली मूगडाळ व चिरलेला पाला घालतात, डाळ शिजत आली की दोन आमसुले आणि मीठ, आणि उतरवताना मूठभर ओले खोबरे. पाला शिजून एक तृतीयांश होतो, म्हणून मीठ शेवटी घालावे. आधी अंदाजाने घातलेले मीठ हमखास जास्त होते. टाकळा सारक आहे. प्रथमच खाणाऱ्याने दोन-तीन चमच्यांवर थांबावे आणि दुसऱ्या दिवशी पोटाची वार्ता घेऊन मगच पुढचा घास घ्यावा. ही पद्धत प्रत्येक नव्या भाजीला लागू आहे, आणि एका दिवशी एकच नवी भाजी खावी, म्हणजे काही बाधले तर कोणती बाधली ते कळते.

घोळ, आणि माझी एक चूक

घोळ जमिनीवर पसरते. तिचा दांडा जाड, गुळगुळीत, रसाळ आणि तांबूस असतो, पाने मांसल व पाचरीच्या आकाराची, फूल पिवळे, आणि तेही ऊन वर आल्यावर थोडा वेळ उमलणारे. फळाला वरून झाकणी असते. ती उचलली की आत काळ्या, मोहरीहून पुष्कळ बारीक बिया दिसतात. हिचीच लहान पानांची बहीण चिवळ. विदर्भ-खानदेशाकडे उन्हाळ्यात तिच्या जुड्या बाजारात येतात.

काही वर्षांपूर्वी मी घोळीची टोपलीभर खुडणी करून निवडायला बसले होते. सासूबाई शेजारी येऊन बसल्या, त्यांनी ढिगातून एक बारीक काडी उचलली आणि म्हणाल्या, “अगं, ही घोळ नव्हे. मोडून बघ.” मोडली तर तुटल्या जागी दुधाचा पांढरा थेंब आला. ती नायटी होती, दुधीच्या कुळातील. तीही तांबूस दांड्याची, तीही जमिनीलगत पसरणारी, आणि माझ्या टोपलीत अशा सात-आठ काड्या निघाल्या. घोळीच्या दांड्यातून स्वच्छ, पाण्यासारखा रस येतो, दूध कधीही येत नाही. तेव्हापासून घोळ-चिवळ निवडताना प्रत्येक काडी मोडूनच टोपलीत टाकायची असा आमच्या घरचा नियम झाला. त्यात वेळ जातो हे खरे. अर्थात, दुधाळ चीक दिसला की सर्वच वनस्पती विषारी, असेही नाही. पाथरी मोडली तर चीक येतो आणि तरीही ती देशावर भाकरीबरोबर कच्ची खाल्ली जाते. चिकाचा नियम घोळीपुरता वापरावा, पण अनोळखी झाडात चीक दिसला तर ते सोडूनच द्यावे.

घोळीची आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. कडक उन्हात, पाणी कमी पडू लागले की ही वनस्पती रात्री हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा ते वापरून टाकते. त्यामुळे उन्हाळ्यात पहाटे खुडलेली घोळ लक्षात येण्याइतकी आंबट लागते आणि संध्याकाळी खुडलेली सौम्य. ताकातील पातळ भाजीला मी संध्याकाळची घेते आणि डाळीत घालायची असेल तर सकाळची.

घोळ, आंबुशी, माठ आणि अळू या सर्वांमध्ये ऑक्झलेट बरेच असते. मुतखड्याचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी या भाज्या डॉक्टरांना विचारूनच खाव्यात, आणि इतरांनीही रोज एकच भाजी न खाता त्यांची अदलाबदल करावी. पाला भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून दिल्याने ऑक्झलेटचा बराच भाग निघून जातो. आंबुशीची तर मी भाजी करतच नाही. मूठभर पाने आमटीत आमसुलाऐवजी किंवा हिरव्या मिरचीच्या चटणीत, तेवढेच तिचे काम. रक्त पातळ होण्यासाठी वॉरफरिनसारखी गोळी चालू असणाऱ्यांनी एकाएकी पालेभाज्यांचे प्रमाण वाढवू नये, कारण त्यांतील के जीवनसत्त्वामुळे त्या औषधाचा परिणाम कमी होतो.

उरलेल्या भाज्या थोडक्यात

काटेमाठाच्या पानांच्या बेचक्यात दोन-दोन अणकुचीदार काटे असतात, तीच त्याची खूण. शेंडे कात्रीने कापावेत आणि साध्या माठाप्रमाणे परतावेत. कुर्डूची पाने फक्त लहान रोपांची घ्यावीत. गुलाबी-पांढरा तुरा आल्यावर त्यांना चव राहत नाही. केन्याचे फूल निळे, दोन ठळक पाकळ्यांचे, दुपारपर्यंत मिटणारे असते आणि पानाच्या बुडाशी खोडाला वेढणाऱ्या खोळीवर तांबूस केस असतात. त्याची पाने बेसनात बुडवून तळलेली भजी घरातील मुलांना सर्वांत आधी आवडतात. शेवग्याच्या पाल्याची तर ओळखच करून द्यायला नको. सिंधुदुर्गात त्याला शेगूल म्हणतात आणि गोकुळाष्टमीला शेगलाची भाजी ताटात असतेच.

अळूसाठी मात्र थांबावे लागेल. भाजीच्या आणि वडीच्या अळूचा देठ पानाच्या कडेला नव्हे, तर पाठीवर थोडा आत जोडलेला असतो आणि पान खाली झुकलेले असते. शोभेसाठी लावलेल्या अलोकेशियाचे पान बहुधा वर तोंड करून ताठ उभे राहते आणि त्याचा देठ खाचेच्या टोकाशी मिळतो. रंगीत ठिपक्यांचे कॅलेडियम आणि डायफेनबाखिया हे तर ताटाच्या आसपासही येता कामा नयेत. अळवातील खाजेचे कारण म्हणजे कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक. ते जिभेत आणि घशात टोचतात. चिरताना हाताला तेल लावावे, चिंच किंवा आमसूल सढळ हाताने घालावे आणि अळू पूर्ण गळेपर्यंत शिजवावे. घाईने अर्धवट शिजवलेल्या अळवाने घसा धरला की पुढचा तासभर बोलणे बंद होते, हे मी अनुभवाने सांगते. सांडपाण्याच्या गटाराकाठी फोफावलेले अळू कितीही देखणे असले तरी ते खुडू नये.

फुले

मराठी घरात वर्षाची सुरुवातच फूल खाऊन होते: गुढीपाडव्याला कडुनिंबाचा मोहोर, गूळ, भिजवलेली हरभराडाळ, जिरे, हिंग आणि ओवा. येथेही एक सावधगिरी हवी. अनेक सोसायट्यांच्या आवारात कडुनिंब समजून बकाण निंब वाढवलेला असतो. कडुनिंबाचे पान एकदाच विभागलेले, मोहोर पांढरा. बकाण निंबाचे पान दोनदा विभागलेले, फुले जांभळट, आणि त्याची फळे विषारी असतात.

हादग्याची फुले पावसाळा सरता-सरता सुरू होतात. ती पूर्ण उमलण्यापूर्वी, पोपटाच्या चोचीसारखी बाकदार असतानाच काढावीत, आणि प्रत्येक फूल उघडून आतील केसरांचा झुबका ओढून टाकावा. तो राहिला तर भाजी कडवट होते. खालचा हिरवा टोप काढून पाकळ्या उभ्या चिराव्यात आणि कांद्यावर परतून वरून थोडे बेसन पेरावे, झाकण ठेवून वाफ द्यावी, पाणी घालू नये.

भोपळ्याची फुले खुडताना खाली पाहावे. ज्या फुलाच्या बुडाशी सुपारीएवढा भोपळा दिसतो ते मादी फूल, ते वेलावरच ठेवायचे. नुसत्या लांब, बारीक देठावर उभे असलेले नर फूल आपले. तेही सगळे काढले तर मधमाश्यांना परागकण उरत नाहीत आणि भोपळे धरत नाहीत, म्हणून मी सकाळी मधमाश्यांची फेरी होऊ देते आणि दहाच्या सुमारास फुले काढते. तोवर ती मिटू लागलेली असतात, पण तळायला काही बिघडत नाही. आतील केसर काढताना मुंग्या झटकाव्यात, मग तांदळाचे पीठ, बेसन, तिखट, ओवा यांच्या सरसरीत पिठात बुडवून तळावीत.

शेवग्याची फुले झाडाखाली जुने धुतलेले लुगडे अंथरून अलगद झटकून घ्यावीत. ओरबाडली तर शेंगांना मुकाल. देठ काढून, धुऊन, हरभराडाळीबरोबर किंवा अंड्यात परतून ती छान लागतात. गोकर्णीच्या निळ्या फुलांचा सध्या बराच गाजावाजा आहे. पाच-सहा फुलांचे हिरवे टोप काढून गरम पाण्यात ठेवली की निळा रंग उतरतो आणि लिंबू पिळताच तो जांभळा होतो. मुलांना दाखवायला ही करामत उत्तम, पण चवीच्या बाबतीत ते गरम पाणीच आहे असे माझे मत झाले आहे. गोकर्णीच्या बिया खाऊ नयेत. एकेरी लाल जास्वंदीच्या पाकळ्यांचे सरबत थोडे बुळबुळीत, पण रंगाला सुरेख होते. गरोदर स्त्रियांनी ते टाळावे. गुलकंदासाठी अंगणातील वासाचा गावठी गुलाबच हवा. फुलबाजारातील गुलाब आणि झेंडू खाण्यासाठी पिकवलेले नसतात, त्यांवर शेवटची फवारणी केव्हा झाली हे कोणी सांगू शकत नाही, म्हणून देव्हाऱ्यातील निर्माल्याच्या पाकळ्या स्वयंपाकात वापरू नयेत.

जे तोंडात घालू नये

पूजेसाठी लावलेल्या झाडांपैकी कितीतरी विषारी आहेत, ही गोष्ट आपण सहज विसरतो. तांबडी-पांढरी कण्हेर आणि पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी या दोन्ही हृदयावर परिणाम करतात. धोतरा, रुई, गुंजेच्या बिया, एरंडाच्या बिया, कळलावी, घाणेरी, तगर, चाफ्याचा चीक, अडेनियम यांना फक्त पाहावे. मधुमेहावर उपाय म्हणून सदाफुलीची पाने चावणारे लोक माझ्या ओळखीत आहेत. ज्या झाडापासून कर्करोगावरील व्हिन्क्रिस्टिनसारखी तीव्र औषधे काढतात, त्याची पाने मनाच्या मापाने चावण्यात शहाणपणा नाही.

‘किडे खातात, मग आपल्याला काय होणार’ हा युक्तिवाद तर सपशेल खोटा आहे. रुईची पाने सुरवंटांनी चाळणीसारखी केलेली मी दर पावसाळ्यात पाहते, आणि ते सुरवंट त्या विषावरच स्वतःचे संरक्षण करतात. शेळीने खाल्ले, पक्ष्याने खाल्ले, हीदेखील खूण नव्हे.

खतखड्यातून आपोआप उगवलेल्या दुधीभोपळ्याबद्दल वेगळे सांगायला हवे. बियाण्याचा संकर कोठे, कशाशी झाला हे ठाऊक नसल्यामुळे अशा वेलाचे फळ कधी कधी कडू निघते. चिरल्यावर फोडीचा कण जिभेच्या टोकाला लावावा, कडू लागला तर लगेच थुंकून अख्खे फळ फेकावे. साखर, मीठ किंवा मसाला घालून ते ‘चालवून’ घेऊ नये. कडू दुधीच्या रसाने माणसे दगावल्याची उदाहरणे आपल्या देशात आहेत. ही जिभेची परीक्षा मात्र ओळखीच्या दुधीसाठी आहे, अनोळखी वनस्पती चाखून पाहण्यासाठी नव्हे.

जागाही तपासावी. इमारतीच्या पायालगत वाळवीचे औषध मारलेले असेल, जुना रंग खरवडून टाकलेला असेल, गाड्यांचे तेल गळत असेल किंवा शौचालयाची टाकी जवळ असेल, तर तेथील पाला कितीही टवटवीत असला तरी घेऊ नये. मांजर-कुत्र्यांची बसण्याची जागा, उंदरांची बिळे आणि गोगलगायींचे चकाकणारे माग दिसणारा कोपरा पावसाळ्यात सोडून द्यावा. पावसाळी पाला कच्चा खाणे मी पूर्णपणे बंद केले आहे. पाथरीदेखील थंडीतच कच्ची खाते.

एवढे करूनही कोणाला जेवणानंतर तोंडाची आग, उलट्या, चक्कर, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होणे, असंबद्ध बोलणे किंवा छातीत धडधड असे काही जाणवले तर घरगुती उपाय करत बसू नये आणि बोटे घालून उलटी काढू नये. १०८ क्रमांकाला फोन करावा, आणि रुग्णालयात जाताना उरलेली भाजी व निवडलेल्या पाल्याचा कचरा पिशवीत घालून बरोबर न्यावा. यासाठीच नवी भाजी केली त्या दिवशी निवडलेली देठे रात्रीपर्यंत टाकून देऊ नयेत. आमच्याकडे ती ओट्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली असतात.

श्रावण संपता-संपता टाकळा फुलू लागतो आणि त्याची खुडणी थांबते. ऋषिपंचमीच्या भाजीसाठी, जिच्यात बैलाच्या श्रमाचे काही चालत नाही, अंगणातील माठ, अळू आणि भोपळ्याची पाने तेवढी उरतात. त्यानंतर मी प्रत्येक जातीची तीन-चार निरोगी रोपे कुंपणालगत राखते आणि बाकी उपटून खड्ड्यात घालते. टाकळ्याच्या शेंगा तपकिरी झाल्या की तडकण्यापूर्वी काढून कागदावर वाळवते. काटेमाठाचा मात्र एकच झुपका ठेवायचा, अन्यथा पुढच्या जूनमध्ये मिरचीच्या वाफ्यात हात घालायची सोय राहत नाही.